टोचेसाहेबांचे वाकडे तोंड

नागोराव गिराम माणसाला आधी नमस्कार करीत नसत. आधी त्याची डावी बाही वर सारीत, दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, वण अंगठ्याने दाबून बघत, समाधान झाले तर मान हलवीत आणि मग हात जोडीत. पूर्ण बाहीचा शर्ट घातलेल्याला "थंडी वाजायलीय का?" असे विचारीत. बायकांच्या दंडाला त्यांनी कधी हात लावला नाही. दोन हात लांब उभे राहून "डाव्या दंडाला हाय का?" एवढेच ते विचारायचे आणि उत्तरावर विश्वास ठेवायचे. पुरुषांच्या उत्तरावर त्यांचा विश्वास नव्हता.

आरोग्य खात्यात लस टोचण्याची नोकरी त्यांनी जिंतूर तालुक्यात केली. गिराम हे आडनाव पगारपत्रकापुरते उरले होते. बाकी सगळ्यांना ते टोचेसाहेब. एका लग्नात बोहल्याकडे निघालेल्या नवरदेवाला त्यांनी अडवले आणि बाही वर करायला लावली. नवरदेवाच्या अंगात घट्ट सफारी होती. बाही कोपराच्या वर जाईना. भटजी घड्याळ दाखवून ओरडू लागले.

"मुहूर्त हुकला तर दुसरा काढता येतोय," नागोराव म्हणाले. "लशीचं वय हुकलं तर काय काढणार?"

शेवटी सफारी उतरवली गेली. वण होता. नागोरावांनी अक्षता टाकल्या.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. परभणीच्या एका दैनिकात मी नुकताच लागलो होतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीनंतरचे दिवस होते. पहिले पान मोर्चे, बंद आणि जमावबंदीने भरलेले असायचे. नागोरावांची तक्रार चौथ्या पानावरच्या चार ओळींबद्दल होती. 'लस टोचल्याने बालकाला फोड' असे त्या बातमीचे शीर्षक होते.

त्यांनी आधी माझी बाही वर केली. वण बघून तोंड वाकडे केले. "एक बोट खाली टोचलंय. हे आमच्या तालुक्याचं काम न्हाई." मग खुर्चीत बसून म्हणाले, "साहेब, बीसीजी दिल्यावर फोड आला ही बातमी न्हाई. फोड आला न्हाई तर बातमी. तवा मला बोलवा."

संपादकांनी खुलासा छापला. त्या दिवशी नागोरावांनी खाली अंक विकत घेतला, खुलासा वाचला आणि त्यातली एक चूक सांगायला ते पुन्हा वर आले.

त्यांची काम करण्याची एक रीत होती. सुई काढण्याआधी ते पुढे काय होणार ते सगळे सांगत. खात्याची तशी सक्ती नव्हती. बरोबरचे कर्मचारी टोचून पुढच्या गावी पोचत तेव्हा नागोराव पहिल्याच ओट्यावर सांगत बसलेले असत. "आज काय होणार न्हाई. काही आठवड्यांनी फोड येईल. पिकंल. पू येईल. हळद लावू नका, शेण लावू नका, सासूला दाखवू नका. खपली पडंल. वण राहील. ताप आला तर मला शिव्या द्या, मी ऐकायला पुढच्या बाजारी येणार हाय." आणि ते खरोखर पुढच्या बाजारी शिव्या ऐकायला जात. "आधी सांगून टोचावं," ते म्हणत. "टोचून सांगितलं तर ते बहाणं वाटतंय."

नसबंदीच्या सक्तीचा काळ नुकताच सरला होता. खात्याची पिशवी खांद्याला लावलेला माणूस शिवारात दिसला की गावे रिकामी होत. पिंगळीजवळ मेंढपाळांची एक वस्ती होती. मोहिमेसाठी नागोरावांना तिकडे पाठवले तेव्हा तिथली धुरपताबाई आपल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला घेऊन ज्वारीत शिरली. पीक डोक्याच्या वर गेलेले होते. नागोराव बांधावर बसले. हा प्रसंग त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकला आणि धुरपताबाईच्या तोंडून त्याहून जास्त.

"धुरपताबाई, ज्वारी काढायला तर बाहेर यावंच लागंल!"

ज्वारीतून उत्तर आले, "काढायला अजून दीड महिना हाय!"

"मी बसतो!"

"बसा! आमचं काय जायलंय!"

नागोरावांनी भाकरीचे फडके सोडले. बरोबर गूळ होता. थोड्या वेळाने पोरगा आपण होऊन बाहेर आला, गूळ मागितला, दंड पुढे केला. धुरपताबाई शिव्या देत मागोमाग आली. त्या शिव्या संपेपर्यंत नागोराव थांबले. मग त्यांनी तिला फोड, पू, खपली, वण हे सगळे सांगितले, आणि ती जे बोलली ते पोराच्या दंडापेक्षा नागोरावांनाच जास्त लागले. "एवढं सगळं होणार हाय तर टोचताच कशाला?"

"कारण ह्याच्यापुढं काय होत न्हाई."

तिने तेवढे ऐकून घेतले. सगळे सांगितल्याप्रमाणे झाले. पण मान्य तिने पुढची बारा वर्षे केले नाही.

निवृत्त झाल्यावर नागोराव पिंगळीला स्थायिक झाले. स्टेशनजवळ घर घेतले. बायको गयाबाईंना वाटले होते की आता तरी लोक घरी बाही खाली ठेवून येतील. तसे झाले नाही.

नव्वदचे दशक सुरू होताना त्यांना लघवीतून रक्त जाऊ लागले. दुखत नव्हते, म्हणून त्यांनी काही दिवस अंगावर काढले. मग परभणीच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवले. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ खरवडून काढली. तपासणीत ती कर्करोगाची निघाली. पुन्हा उगवू नये म्हणून दर मंगळवारी येऊन औषध घ्यायचे, सहा वेळा, असे ठरले. गावात कुणाला कळू नये म्हणून गयाबाईंनी हैदराबादला नात्यातले लग्न असल्याचे सांगितले.

"दर मंगळवारी?" धुरपताबाईने विचारले. "नवरी पळून जायलीय का?"

हे लपवणे पहिल्या मंगळवारपर्यंतच टिकले, आणि ते फोडले खुद्द नागोरावांनी. दवाखान्यातल्या परिचारिकेने औषधाची कुपी बाहेर काढली आणि नागोरावांनी ती ओळखली. बीसीजी. तीच लस, फक्त किती तरी पट जास्त. नळीतून मूत्राशयात सोडायची. तिथे ती गेली की शरीर चवताळून उठते आणि लसीबरोबर उरल्यासुरल्या कर्करोगालाही झोडपते, असे डॉक्टरांनी समजावले. नागोरावांनी त्यांचे बोलणे अर्धेच ऐकले. ते कुपीवरची मुदत वाचत होते. बर्फ बरोबर ठेवला आहे का, हेही त्यांनी विचारले. मग डॉक्टरांच्या डाव्या बाहीकडे बघितले.

"चचा, अब दो घंटे पेशाब रोकना," डॉक्टर म्हणाले. "और हर थोडी देर को करवट बदलना. सब तरफ लगना है."

"भाकरीला दोनच बाजू असत्यात," परत आल्यावर नागोराव मला सांगत होते. "मला चार निघाल्या."

पिंगळीच्या स्टेशनवर उतरताच ते चहाच्या टपरीवर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आपली लस कॅन्सरला बी चालती!" ज्या आजाराला गावात सगळे 'ती गाठ' म्हणत, त्याचे नाव त्यांनी चारदा उच्चारले. लस कुठून देतात तेही सांगितले. कोपऱ्यात धुरपताबाई दुधाची बरणी घेऊन उभी होती.

"म्हंजे आमाला दंडाला," ती म्हणाली, "अन् सायबाला तिकडं. हे कसलं शास्त्र?"

पुढचा परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. उपकेंद्रावर सिस्टर मंदाबाई महिन्यातून एकदा लहान मुलांना लस देत. त्या दिवशी मुलांच्या आधी गावातले म्हातारे रांगेत उभे होते, डाव्या बाह्या वर करून.

"आमाला बी द्या, सिस्टर. रात्रीतून चार-चार बारी उठावं लागतंय."

"बाबा, ही लहान लेकरांची लस हाय."

"मग आमी कुठं मोठ्यांची मागायलोत? लहानीच द्या."

सिस्टरांनी नागोरावांना बोलावून घेतले. त्यांनी रांगेकडे बघितले. आयुष्यभर लोकांच्या मागे पळालेल्या माणसापुढे लोक स्वतः बाही वर करून उभे होते. त्यांना परत पाठवायला नागोरावांना फार वेळ लागला. सिस्टरांच्या मते त्यांनी मुद्दाम वेळ लावला.

चौथ्या मंगळवारनंतर ताप आला. तो येईल असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण या वेळी तो उतरला नाही आणि डोके दुखत राहिले. एका सकाळी चहा पिताना तो शर्टावर सांडला. नागोरावांनी पेला फुटका आहे म्हणून दुसरा मागितला. दुसराही फुटका निघाला. तिसऱ्या पेल्याला गयाबाई समोर येऊन बसल्या.

"पेले धड हायत," त्या म्हणाल्या. "तुमचं तोंड डावीकडून गळायलंय."

डावा गाल खाली आला होता. डावा डोळा मिटत नव्हता. आदल्या रात्री ते एक डोळा उघडा ठेवून झोपले होते आणि गयाबाई दोनदा दचकून उठल्या होत्या. शेजाऱ्याने अर्ध्या तासात कबूतर आणले. लकव्याला कबूतर चालते, असे त्याचे म्हणणे होते. नागोरावांनी उजव्या बाजूने हसून कबुतराचा डावा पंख वर केला, बघितला, आणि ते सोडून दिले.

हैदराबादला त्यांना दाखल करून घेतले. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासले. लसीतले जिवंत जंतू मूत्राशयातून रक्तात गेले असावेत आणि चेहऱ्याच्या शिरेपर्यंत पोचले असावेत, असे निदान झाले. हे फार क्वचित होते, डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्वतः आधी पाहिलेले नव्हते. नागोरावांच्या परवानगीने त्यांनी चेहऱ्याचा फोटो काढून घेतला. त्याची एक प्रत नागोरावांनी मागून घेतली. लस ताबडतोब बंद करण्यात आली.

नागोरावांचे वाकडे झालेले तोंड त्या वेळी आणखी वाकडे झाले असेल. "सहातले चारच?" ते म्हणाले. "अर्धवट? मी अख्ख्या तालुक्यात कुणाला अर्धवट सोडलं न्हाई. राहिलेले दोन द्या."

"चचा, उधर आप टोचते थे. इधर मैं."

लस बंद केली तर गाठ परत येऊ शकते, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले. दिली तर त्याआधीच माणूस जाऊ शकतो, हेही सांगितले. जन्मभर लस देत आलेल्या माणसाला घरी जाताना क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या, कारण अंगात आता लसीचेच जंतू हिंडत होते. डोळ्यात घालायला थेंब मिळाले आणि उजेडापासून जपायला काळा चष्मा. पिंगळीत तो चष्मा अनेकांना आवडला.

गोळ्या सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी लाल झाली. आजाराची सुरुवातच तशी झाली होती. नागोराव काळा चष्मा लावून, हातात बाटली घेऊन, मिळेल त्या गाडीने हैदराबादला पोचले. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि ते हसले. त्या गोळ्यांतल्या एकीने लघवी लाल होतेच, आणि हे सांगायचे त्यांच्याकडून राहून गेले होते.

"बघा," नागोराव परतल्यावर मला म्हणाले. "आधी सांगितलं असतं तर माझं तिकीट वाचलं असतं अन् गयाचं रडणं."

पण गावात खरी अडचण वेगळीच झाली होती. बीसीजीने टोचेसाहेबांचे तोंड वाकडे झाले, हे पिंगळीत सगळ्यांना माहीत झाले. आपली लस म्हणून त्यांनीच टपरीवर मिरवले होते. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी म्हाताऱ्यांची रांग गायब होती, आणि मुलेही. सिस्टर मंदाबाईंच्या टेबलासमोर स्टेशनमास्तरांचे एकच बाळ आले. मेंढपाळांच्या वस्तीतून कुणीही नाही. धुरपताबाईला काही महिन्यांची नात होती, ज्वारीतून गुळासाठी बाहेर आलेल्या त्याच पोराची मुलगी. धुरपताबाईचा धाकटा दीर त्याच झोपडीत क्षयाच्या गोळ्या खात होता, आणि नात दिवसभर त्याच्या मांडीवर असायची. दिवाळी झाली की वस्ती मेंढ्या घेऊन बाहेर पडायची ती उन्हाळ्यात परतायची. दिवाळीआधी लसीकरणाचा एकच दिवस उरला होता.

यावर गयाबाईंनी एक उपाय शोधला होता. आगगाडीच्या खिडकीतून गार वारे लागले आणि तोंड वाकडे झाले, असे त्या सांगत फिरत होत्या. गाव ते मानायला तयार होते. सिस्टरही गयाबाईंच्या बाजूच्या होत्या. एकट्या धुरपताबाईने शंका काढली.

"वारं अख्ख्या डब्याला लागलं असंल की. मग वाकडं एकट्याचंच कसं?"

बातमी आमच्या कार्यालयापर्यंत आली. 'लसीने तोंड वाकडे' असे शीर्षक कुणीतरी आधीच करून ठेवले होते. खात्री करायला मला पिंगळीला पाठवण्यात आले. मी पोचलो तेव्हा सिस्टर आणि गयाबाई नागोरावांच्या दोन बाजूंना बसल्या होत्या.

"मामा, तुमी लशीनं झालं म्हणलात तर माझं टेबल सहा महिने रिकामं," सिस्टर म्हणाल्या. "वारं म्हणा. एवढ्या लेकरांसाठी म्हणा."

"अन् पुढं कवा कळलं की खोटं होतं?"

"कोण सांगायला जायलंय? डॉक्टरालाच नक्की न्हाई म्हणताव ना?"

"हां, नक्की न्हाई. बहुतेक म्हणालाय." त्यांनी काळा चष्मा काढला. डावा डोळा न मिटता माझ्याकडे बघत होता. "साहेब, लिहा. बहुतेक लशीनंच झालं. छापायचं तर सगळं छापा. किती दिली, कुठून दिली, कशासाठी दिली. अन् 'बहुतेक' हा शब्द काढू नका. मागं तुमी फोड छापला होता, तसं करू नका."

मी सगळे लिहून घेतले आणि दिले. त्या आठवड्यात नामांतराच्या मोर्च्याने पुन्हा पान भरले होते. जागा कमी म्हणून रात्रपाळीने माझ्या मजकुराच्या चार ओळी केल्या आणि नवे शीर्षक दिले. 'निवृत्त कर्मचाऱ्याचे तोंड बहुतेक वाकडे.' लसीचा उल्लेख कापला गेला होता.

नागोराव सकाळच्या पहिल्या गाडीने कार्यालयात आले. अंक टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि रात्रपाळीच्या उपसंपादकासमोर चेहरा नेऊन म्हणाले, "बहुतेक? बघा की नीट."

खुलासा मात्र त्यांनी मागितला नाही. छापून उपयोग नव्हता. वस्तीत वाचणारे कुणी नव्हते. परतीच्या गाडीने ते पिंगळीला गेले आणि तसेच चालत वस्तीवर. मी बरोबर होतो. धुरपताबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाजेवर दीर खोकत होता.

"या," ती म्हणाली. "इथं लपायला ज्वारी न्हाई, न्हाईतर घावलेच नसते."

नागोराव जमिनीवर बसले. "वारं न्हाई लागलं, धुरपताबाई. बहुतेक लशीनंच झालं."

"ते मला ठावं हाय. तुमच्या घरची कशापायी खोटं बोलायलीय?"

"माझ्या लशीपायी." त्यांनी बोटाच्या टोकाने जमिनीवर ठिपका काढला. "तुमच्या लेकराला एवढी. ती बी कातड्यातच. मला तांब्याभर, थेट आत, दर आठवड्याला. ती रगतात शिरली अन् तोंडाच्या शिरेला गेली. लय क्वचित होतंय म्हणे."

"अन् ते क्वचित तुमीच?"

"मीच."

धुरपताबाईने बराच वेळ त्यांच्या गालाकडे बघितले. मग तिने विचारले, "तुमाला टोचताना त्यांनी आधी सांगितलं होतं का? तोंडाचं?"

"ताप येईल म्हणले. जळजळ म्हणले. तोंडाचं न्हाई सांगितलं."

"लाल मुताचं?"

"न्हाई."

"अन् आमच्या पोराला टोचताना तुमी काय काय सांगितलं होतं?"

"फोड. पू. खपली. वण."

"तसंच झालं होतं," ती म्हणाली. बारा वर्षांनी हे कबूल करताना तिचा आवाज काही खाली आला नाही. "मग हैदराबादवाले कच्चे हायत. आमच्या पोरीला तुमीच टोचा."

"मी रिटायर हाय. सिस्टर टोचंल."

"मग तुमी शेजारी बसा. जिनं टोचायचं तिला टोचू द्या. मला तुमचं तोंड समोर पायजे."

लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांच्या टेबलाशेजारी दुसरी खुर्ची टाकली गेली. धुरपताबाई पहिली आली. नागोरावांनी तिला पुन्हा सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाले, "तोंड वाकडं झालेलं आजवर एक बी लेकरू मी बघितलं न्हाई. पण झालं तर मला शिव्या द्या." नात हे सगळे बोलणे त्यांच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती. उजवी बाजू बोलते आणि डावी गप्प बसते, असा चेहरा तिने पाहिलेला नव्हता. तिने हात लांब करून त्यांचा सैल गाल पकडला, ओढला, सोडला. तो परत आपल्या जागी लोंबला. पोरगी खदखदून हसली. तेवढ्यात सिस्टरांनी टोचले. रडायचे पोरीला आठवले तेव्हा धुरपताबाई पायऱ्या उतरली होती.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मुले नागोरावांना बघून रडत आली होती. त्या दिवशी वस्तीतली सगळी मुले आली आणि हसत टोचून घेऊन गेली. दिवाळीनंतर मेंढ्या निघाल्या तेव्हा प्रत्येक पोराच्या दंडावर फोड धरू लागला होता.

होळीपर्यंत नागोरावांचा चेहरा जवळजवळ सरळ झाला. गयाबाईंनी देवाला नारळ फोडला. पण पुढच्या लसीकरणात मुले पुन्हा रडू लागली, आणि आयांनी सिस्टरांकडे तक्रार केली. तेव्हापासून नागोराव लसीकरणाच्या आदल्या दिवशी आरशासमोर उभे राहून डावा गाल बोटाने खाली ओढत आणि तो तसाच ठेवायचा सराव करीत.

"देवानं सरळ केलं," गयाबाई म्हणायच्या, "अन् हे परत वाकडं करायलेत!"

"देवाला लेकरं टोचायची नसत्यात," नागोराव अर्ध्या तोंडाने उत्तर देत.

गाठ परत आली. डॉक्टरांनी तशी शक्यता सांगितलेलीच होती, त्यामुळे नागोरावांनी त्यांना दोष दिला नाही. राहिलेले दोन डोस मात्र त्यांनी पुन्हा मागून बघितले. शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. दुखणे वाढल्यावरही ते लसीकरणाला खुर्चीत येऊन बसत. शेवटच्या वेळी मी भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. त्यांनी माझी बाही वर केली, वण दाबला आणि म्हणाले, "एक बोट खालीच हाय."

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला त्या आठवड्यात ते गेले. आमच्या अंकात दुसऱ्या कशाला जागा नव्हती. त्यांच्या निधनाची बातमी दोन दिवसांनी घ्यायचे ठरले. फोटो मागायला मी पिंगळीला गेलो. घरात दोन फोटो होते. एक सेवानिवृत्तीचा, टोपी घातलेला, सरळ. दुसरा हैदराबादच्या डॉक्टरांनी काढलेला. गयाबाईंनी सरळ दिला. दारात बसलेल्या धुरपताबाईने तो हातात घेऊन बघितला.

"हे कोण?" ती म्हणाली.

दैनिकात सरळ फोटो छापला. वाकडा सिस्टर मंदाबाईंनी मागून नेला आणि उपकेंद्रात टेबलामागच्या भिंतीवर लावला, खाली, मांडीवरच्या मुलाला दिसेल इतक्या उंचीवर. तेराव्यानंतर गयाबाई हार घेऊन तिथे गेल्या. सिस्टरांनी हात धरून त्यांना थांबवले. गयाबाई थोड्या रुसल्या, पण लसीकरण संपेपर्यंत बसून राहिल्या. समोर एकेक मूल येत होते, भिंतीकडे बघत होते आणि हसत होते. संध्याकाळी त्यांनी हार पिशवीत घालून घरी नेला आणि सरळ फोटोला घातला.

उपकेंद्रातल्या फोटोला अजून हार नाही. हार घातला की लेकरं हसत नाहीत, असे सिस्टरांचे म्हणणे आहे.